दाता का थकतो?

आषाढ सरत आला की नाशिकमधील सेवाभावी संस्थांच्या कार्यालयांत पावती पुस्तके बाहेर निघतात. श्रावणात अन्नदान, भाद्रपदात गणेशोत्सवाची वर्गणी, पितृपक्षात पूर्वजांच्या स्मरणार्थ देणगी, दिवाळीत वनवासी पाड्यांवरील मुलांसाठी फराळ आणि कपडे, संक्रांतीला तिळगुळाबरोबर निधीचे पाकीट आणि मार्चअखेरीस आयकरातील सवलतीची आठवण करून देणारे पत्र. कोणत्या ना कोणत्या सत्कार्यासाठी हात पुढे झालेला नाही, असा पंधरवडा वर्षभरात शोधूनही सापडणार नाही. हे शहराचे भूषणच आहे. ज्या समाजात मागणारे निःस्वार्थ आहेत आणि देणारे आनंदाने देतात, तो समाज जिवंत असतो.

मात्र ही सारी पावती पुस्तके शेवटी कोणाच्या दारात जातात, याचा विचार क्वचितच होतो. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, पंचवटी, नाशिकरोड या भागांतील ठरावीक काही घरे प्रत्येक संस्थेच्या वहीत असतात. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून किंवा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, शिक्षक दांपत्ये, बँकेतील अधिकारी, जुने डॉक्टर, मेनरोडवरचे दोन-चार व्यापारी. एकदा दिले की नाव वहीत चढते आणि एका वहीत चढलेले नाव पुढच्या काही वर्षांत दहा वह्यांत जाऊन बसते. दहाही कार्ये चांगली, दहाही कार्यकर्ते ओळखीचे. नकार तरी कोणाला द्यायचा?

सेवाकार्यापुढील अडचणींची चर्चा होते, तेव्हा कार्यकर्त्यांची वानवा, शासकीय नियमांचा जाच, वाढती महागाई हे विषय निघतात. ज्या खांद्यांवर हे सारे उभे आहे, ते खांदे शिणत चालले आहेत, हा विषय निघत नाही.

न बोललेला नकार

दात्याचा शीण सहसा शब्दांत प्रकट होत नाही. मराठी मध्यमवर्गीय घरात दारी आलेल्याला तोंडावर 'नाही' म्हणण्याची रीत नाही. त्यामुळे नकार वेगळ्या रूपांत येतो. दूरध्वनी वाजत राहतो, पण उचलला जात नाही. 'हे बाहेर गेलेत, आले की सांगते', असे उत्तर मिळते. 'मुलाला विचारून कळवतो', असे सांगितले जाते आणि पुढे काहीच कळवले जात नाही. देणगी मिळतच राहिली, तरी दहा वर्षांपूर्वी पाचशे रुपये देणारा आजही पाचशेच देतो. ते देताना पूर्वीसारखी कामाची चौकशी करत नाही, कार्यकर्त्याला बसवून घेत नाही, चहा विचारत नाही. पैसे हातावर ठेवून दार लावून घेतो. संस्थेच्या जमाखर्चात ही रक्कम पूर्वीसारखीच दिसते, पण त्या घराशी असलेला संबंध तोवर सुटलेला असतो.

अशा वेळी कार्यकर्त्यांच्या बैठकीत एक निष्कर्ष हमखास निघतो. 'समाज आता पूर्वीसारखा राहिला नाही.' हा निष्कर्ष सोयीचा आहे, कारण त्यात स्वतःच्या पद्धतीची तपासणी करावी लागत नाही. वस्तुस्थिती अशी की, थकलेला दाता हा बहुधा सर्वांत संवेदनशील दाता असतो. ज्याला समाजाचे काही वाटत नाही, तो मुळात थकतच नाही. थकतो तो प्रत्येक हाकेला ओ देणारा.

दाता देण्याने सहसा थकत नाही. दिलेल्याचे काय झाले हे न कळल्याने तो थकतो. ज्याच्याशी नाते आहे असे वाटत होते, त्याने फक्त मागण्यासाठीच दार वाजवावे, याने थकतो. मागण्याला शेवट दिसत नाही, याने थकतो. या तिन्ही गोष्टी मागणाऱ्याच्या हाती आहेत. म्हणूनच हा प्रश्न समाजाच्या औदार्यापेक्षा संस्थांच्या शिस्तीचा अधिक आहे.

मागणाऱ्याने घालून घेतलेली मर्यादा

महाराष्ट्रातील सार्वजनिक कार्याच्या इतिहासात या शिस्तीचे उत्तम नमुने आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली. स्वदेशी उद्योगांसाठी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, इतकेच त्यांचे मागणे होते. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. या योजनेची चर्चा 'थेंबे थेंबे तळे साचे' एवढ्यावरच थांबते, पण तिची खरी खुबी दुसरीकडे होती. मागणाऱ्याने स्वतःच्या मागणीवर आधीच मर्यादा घालून घेतली होती. वर्षातून एकदा आणि एकच पैसा. देणाऱ्याला ठाऊक होते की, हा माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा दारात उभा राहणार नाही. त्यामुळे त्याला पाहून दार लावून घेण्याचे कारणच उरत नव्हते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेला, १९१९ च्या स्थापनेनंतर, खेड्यापाड्यांतील बायाबापड्यांनी मूठ मूठ धान्य देऊन हातभार लावला. मुष्टिफंड या नावाने ती पद्धत ओळखली गेली. दळण-कांडणाच्या वेळी बाजूला काढलेली मूठ घरातील कोणाच्याही पोटाला चिमटा न घेता निघत असे आणि देणारीला आपण शाळेच्या भागीदार आहोत, असे वाटत असे. जिच्याकडे पैसा नाही, तिलाही देण्याचा मान त्या पद्धतीने मिळवून दिला.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघात १९२८ पासून चालत आलेली गुरुदक्षिणेची प्रथा याच विचाराची आहे. वर्षातून एकदा, ध्वजासमोर, बंद पाकिटात. कोणी किती दिले याची वाच्यता नाही, त्यामुळे कमी देणाऱ्याला संकोच नाही आणि अधिक देणाऱ्याला मिरवणे नाही. ज्या संघटनेने आपल्या दैनंदिन कामासाठी ही मर्यादा पाळली, तिच्याच विचाराने प्रेरित झालेल्या सेवासंस्थांनी दात्याच्या दारी किती वेळा जावे, याचे तारतम्य ठेवायला नको काय?

कन्याकुमारीच्या विवेकानंद शिला स्मारकाचे उदाहरण तर या विषयावरील पाठच आहे. एकनाथजी रानडे यांनी राज्य सरकारांकडून आणि धनिकांकडून निधी मिळवला, पण तेवढ्यावर समाधान मानले नाही. सामान्य माणसाचा किमान एक रुपया या स्मारकात असावा, असा त्यांचा आग्रह होता. सुमारे तीस लाख लोकांनी असा वाटा उचलला आणि २ सप्टेंबर १९७० रोजी स्मारकाचे उद्घाटन झाले. एक रुपया देणाऱ्या माणसाला त्यांनी 'स्मारकाचा एक घडविता' हे स्थान दिले. स्मारक झाल्यावर त्या विशाल संपर्काची दिशाही त्यांनी बदलली. ७ जानेवारी १९७२ रोजी विवेकानंद केंद्राची स्थापना झाली आणि आता त्यांनी समाजाकडे आयुष्य वाहून घेणारे तरुण मागितले. रुपया देणाऱ्याला पुन्हा रुपयाच मागत राहायचे नसते, त्याला कार्याच्या अधिक जवळ आणायचे असते, हे त्यांनी ओळखले होते.

अयोध्येतील मंदिरासाठी २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झालेल्या निधी समर्पण अभियानातही दहा, शंभर आणि हजार रुपयांची कुपने होती. अभियानाला आरंभाची तारीख होती आणि समाप्तीचीही. नाशिकच्या कित्येक वस्त्यांत ज्या घरांची बेल कोणत्याही संस्थेने कधी वाजवली नव्हती, तिथे कार्यकर्ते त्या काळात गेले. निधीइतकीच मोलाची अशी ही नवी ओळख होती. त्या घरांकडे पुन्हा किती जण नुसते भेटायला गेले, हे प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्याने स्वतःला विचारावे.

हिशेब आणि नाते

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे काम हाती घेतले, तेव्हा विधवांच्या शिक्षणासाठी पैसा देणे म्हणजे लोकापवाद ओढवून घेणे होते. तरीही त्यांना लोक देत राहिले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्याकडून पंधरा लाख रुपयांची प्रचंड देणगी मिळाली. एवढी मोठी देणगी मिळाल्यावर दुसरा एखादा संस्थाचालक दारोदार फिरणे सोडून देता. कर्व्यांनी १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था काढली आणि पुन्हा लहान लहान रकमा गोळा करू लागले.

कर्व्यांना दाते दुरावले नाहीत, याचे कारण त्यांच्या वक्तृत्वात शोधून सापडणार नाही. ते वक्ते नव्हतेच. दिलेला पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामाला लागेल, ही खात्री त्यांच्या साध्या राहणीतून आणि चोख कारभारातून लोकांना होती. मागणाऱ्याचे चारित्र्य हीच त्या काळी देणगीची पावती होती.

आजच्या संस्थांचे हिशेब चोख नाहीत असे नाही. लेखापरीक्षण होते, धर्मादाय आयुक्तांकडे ताळेबंद जातो. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून करसवलतीस पात्र देणग्यांचा दातावार तपशील आयकर विभागाकडे भरून दात्याला प्रमाणपत्र देणेही संस्थांना बंधनकारक झाले. हा झाला सरकारला द्यायचा हिशेब. दात्याला हवा असतो तो निराळा. त्याच्या पाच हजारांतून पेठ तालुक्यातील वसतिगृहात काय झाले? गेल्या वर्षी ज्या मुलीचे छायाचित्र पत्रकावर होते, ती दहावी झाली का? की मध्येच शाळा सोडून आईबापांबरोबर द्राक्षबागेच्या कामाला निघून गेली? सोडून गेली असेल, तर तेही सांगावे. अपयश लपवणारी संस्था दात्याला लहान मूल समजते. अपयश सांगून 'यंदा आम्ही हे बदलले आहे' असे म्हणणारी संस्था त्याला सहकारी समजते, आणि सहकाऱ्याचा उत्साह सहजासहजी मावळत नाही.

ब्रिटनला मिळालेला धडा

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधील ब्रिस्टल शहरात एका ९२ वर्षांच्या वृद्धेचे निधन झाले. युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कागदी फुले विकून निधी जमवण्याचे काम तिने सात दशकांहून अधिक काळ केले होते. तिच्या मृत्यूला सेवाभावी संस्था जबाबदार नाहीत, असे तिच्या कुटुंबीयांनी स्पष्ट केले. मात्र तिच्याकडे येणाऱ्या मागणीपत्रांचा जो ढीग समोर आला, त्याने सारा देश अस्वस्थ झाला. चौकशीत आढळले की ९९ संस्थांकडे तिचे नाव-पत्ता होता, त्यांतील २४ संस्थांनी तो इतरांना दिला होता आणि एका वर्षात तिला सुमारे तीन हजार पत्रे आली असावीत. त्यानंतर तेथे निधी संकलनावर देखरेख ठेवणारी नवी यंत्रणा २०१६ मध्ये उभी राहिली आणि आपल्याला कोणत्या संस्थेने पत्र पाठवू नये हे कळवण्याची सोय २०१७ पासून नागरिकांना मिळाली.

यातील एकही संस्था वाईट नव्हती. प्रत्येकीने आपल्यापुरता विचार केला, आपल्यापुरते पत्र पाठवले. त्या साऱ्यांची बेरीज एका वृद्धेच्या दारात किती होते, हे कोणी पाहिले नाही. नाशिकच्या इंदिरानगरातील एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या भ्रमणध्वनीवर महिन्याभरात येणारे निधीसंदेश कोणी मोजले आहेत काय? एका संस्थेच्या यादीतील क्रमांक दुसरीकडे सहज जातात आणि त्यात काही गैर आहे, असे कोणाला वाटत नाही. भारतातही २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि माणसाची माहिती वापरताना त्याची संमती हवी, हे तत्त्व त्यात मान्य झाले. कायद्याचा बडगा येण्याआधी सौजन्य म्हणून ते पाळणे शोभून दिसेल.

अमेरिकेतील बोस्टनजवळ एका मोठ्या दुकानाच्या दारांशी झालेला एक प्रयोगही उद्बोधक आहे. मदतपेटी घेऊन उभ्या असलेल्या स्वयंसेवकांनी प्रत्येकाला तोंडाने मदत मागितली, तेव्हा मिळणारी रक्कम बरीच वाढली. त्याचबरोबर दुकानात येणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक ते दार टाळू लागले. मागण्याने देणगी वाढते आणि मागण्यानेच माणूस दूरही जातो. पेटी उघडल्यावर आलेली रक्कम मोजता येते. न आलेली माणसे पेटीत दिसत नाहीत.

नाशिकपुढील काळ

नाशिकसाठी हा विषय विशेष महत्त्वाचा ठरण्याची कारणे आहेत. पहिले कारण असे की, इथला नियमित दाता वयस्क होत चालला आहे. त्याची मुले पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत आहेत. वडिलांची वही त्यांच्याकडे आपोआप जात नाही. त्यात कायद्याच्या खाचाखोचाही आहेत. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली देणगी परकीय देणगी ठरत नाही. मात्र मुलाने तेथील नागरिकत्व घेतले की तीच रक्कम परकीय ठरते आणि त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी लागते.

दुसरे कारण करांचे. नव्या करप्रणालीत देणगीवरील वजावट मिळत नाही आणि २०२३-२४ पासून तीच प्रणाली मूळ धरली जाते. केवळ करसवलतीच्या भरवशावर मार्चमध्ये पत्रे पाठवणाऱ्या संस्थांचा आधार त्यामुळे खचत जाणार आहे.

तिसरे कारण कंपन्यांच्या निधीचे. २०१४ पासून कायद्याने ठरावीक मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. सातपूर-अंबडच्या वसाहतींमुळे नाशिकच्या संस्थांना त्याचा लाभ झाला. हा निधी बहुधा ठरावीक प्रकल्पाला, ठरावीक मुदतीसाठी मिळतो. इमारत होते, संगणक येतात. सुरगाण्याच्या वसतिगृहातील स्वयंपाकिणीचा पगार आणि मुलांचे रोजचे दोन वेळचे जेवण यांचा भार मात्र घरगुती दात्यांवरच राहतो. तो दाता दुरावला, तर इमारत उभी राहील आणि चूल विझेल.

चौथे कारण सिंहस्थाचे. २००३ आणि २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६ ते २०२८ असा दीर्घकाळ चालणारा आहे. अन्नछत्रे, आरोग्य शिबिरे, निवासव्यवस्था या सर्वांसाठी शहरातील त्याच घरांपुढे हात पसरले जाणार. पर्वकाळ संपल्यावर वर्षानुवर्षे चाललेल्या कामांना द्यायला त्या घरांत उत्साह शिल्लक राहावा, याची काळजी आधीपासून घ्यावी लागेल.

काय करता येईल?

पहिली गोष्ट संस्थांच्या परस्पर समन्वयाची. नाशिकला याचा अनुभव आहे. २००३ पासून येथील उद्योगांच्या पुढाकाराने 'नाशिक रन' हा उपक्रम सुरू झाला. वर्षातून एकदा, जानेवारीत, सारे शहर एकत्र धावते आणि जमलेला निधी अनेक संस्थांच्या कामांना दिला जातो. पुण्यात २००५ पासून पितृपक्षाच्या सुमारास भरणारे 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन अनेक संस्थांना एका छताखाली आणते. तिथे दाता आपल्या पायाने येतो, पाहतो, विचारतो आणि निवडतो. 'लोकसत्ता'ने २०११ पासून गणेशोत्सवात चालवलेल्या 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमाचेही मर्म हेच होते. नाशिकमधील सेवासंस्थांनी एकत्र बसून वर्षाचे एक निधी-पंचांग ठरवले, तर कोणाचेच नुकसान होणार नाही. कोणत्या महिन्यात कोणी मागायचे आणि कोणी थांबायचे, हे ठरले की एका दारात एकाच आठवड्यात तीन पावती पुस्तके येणार नाहीत.

दुसरी गोष्ट भेटींची. एका घरी वर्षातून एकदाच मागावे आणि त्याखेरीज किमान दोनदा न मागता जावे. एकदा हिशेब सांगायला, एकदा कामाच्या ठिकाणी येण्याचे निमंत्रण द्यायला. त्र्यंबकेश्वर किंवा पेठ तालुक्यातील पाडा नाशिकहून दीड-दोन तासांवर आहे. ज्या दात्याने मुलांच्या पंगतीत बसून एकदा नागलीची भाकरी खाल्ली, त्याला पत्रकावरील रडक्या चेहऱ्यांची गरज उरत नाही. दैन्याची चित्रे दाखवून मिळवलेला पैसा अपराधीपणातून येतो आणि असा माणूस दुसऱ्यांदा दार उघडायला कचरतो. शिवाय ती चित्रे ज्या मुलांची असतात, त्यांच्या स्वाभिमानाचाही विचार करायला हवा.

तिसरी गोष्ट नकाराच्या आदराची. प्रत्येक संस्थेच्या वहीत 'यंदा जाऊ नये' असा एक रकाना असावा. घरात आजारपण आहे, मुलीचे लग्न आहे, नुकतीच निवृत्ती झाली आहे. त्या वर्षी देणगी मागायला जाऊ नये, पण माणूस म्हणून अवश्य जावे. तीन वर्षे सातत्याने देणाऱ्याला संस्थेनेच आपण होऊन सांगावे, 'यंदा आपण विश्रांती घ्या, आपला वाटा नव्या दहा घरांतून उभा करतो.' असे सांगणारी संस्था त्या घराच्या मनातून कधीही उतरणार नाही.

चौथी गोष्ट वर्तुळ मोठे करण्याची. शंभर घरांनी पाच-पाच हजार दिले तर पाच लाख होतात. हजार घरांनी पाच-पाचशे दिले तरी पाच लाखच होतात. पहिल्या रचनेत दहा घरे गळाली, तर पन्नास हजारांची तूट येते. दुसऱ्या रचनेत तेवढीच घरे गळाली, तर पाच हजारांची. शिवाय हजार घरांत काम पोहोचते ते वेगळेच. नोकरीला नुकत्याच लागलेल्या तरुणाला महिन्याला शंभर रुपये जड नसतात आणि ते भ्रमणध्वनीवरून आपोआप जाण्याची सोय आज सहज उपलब्ध आहे. त्याच्याकडे कोणी जात नाही, कारण जुन्या वहीतील ओळखीच्या घरी जाणे सोपे असते. दात्याच्या थकव्याचे एक मूळ कार्यकर्त्याच्या या आळसात आहे, हे कटू असले तरी मान्य करावे लागेल.

पाचवी गोष्ट वर्गणीची. १८४० मध्ये स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय आजही उभे आहे, त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या सभासदांचा आधार आहे. वर्गणी देणारा सभासद असतो. तो प्रश्न विचारतो, वार्षिक सभेत भांडतोसुद्धा. सेवासंस्थांना असे भांडणारे हितचिंतक हवेत. ज्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, तो संस्था आपली मानतो.

दोन आक्षेप

यावर अनुभवी कार्यकर्ते म्हणतील, 'मुलांचे जेवण थांबवता येत नाही. भूक पंचांग पाहून लागत नाही.' हे खरे आहे. २००८ मध्ये किंवा २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला, तेव्हा कोणी वेळापत्रक पाहत बसले नाही आणि पाहूही नये. पण संकट हा अपवाद असतो. जी संस्था दर महिन्याला संकटाच्या स्वरात हाक मारते, तिची खऱ्या संकटातील हाक ऐकू येत नाही. मुलांचे जेवण हा तर ठाऊक असलेला, मोजता येणारा खर्च आहे. तो आपत्ती म्हणून मागण्याऐवजी वर्षारंभीच वाटून घेता येतो आणि हळूहळू कायम निधीच्या व्याजावर त्याचा काही भाग नेता येतो.

दुसरा आक्षेप असा की, समन्वय ठरवला तर मोठ्या संस्था मोक्याचे महिने घेतील आणि लहान संस्था मागे पडतील. हा धोका खरा आहे. म्हणूनच मोठ्या संस्थांनी आधी मागे सरायला हवे. ज्यांच्याकडे इमारत आहे, कर्मचारी आहेत, कंपन्यांचा निधी आहे, त्यांनी पितृपक्ष आणि दिवाळी लहान संस्थांना सोडावी. सेवाक्षेत्रातील थोरलेपण याच कसोटीवर उतरते.

या साऱ्यात आणखी एका थकव्याची नोंद घ्यावी लागेल. दारोदार फिरणारा कार्यकर्ताही थकतो. बंद दारे, टाळलेले दूरध्वनी, 'पुढच्या आठवड्यात या' अशी उत्तरे वर्षानुवर्षे ऐकून त्याच्या मनात समाजाविषयी कडवटपणा साचतो. समाजावर प्रेम म्हणून जो या कामात आला, त्याच्या मनात समाजाविषयी तक्रार साचावी, यापरते नुकसान नाही. दात्याला विश्रांती देणारी शिस्त कार्यकर्त्यालाही वाचवते. न मागता गेलेल्या भेटीत त्याला चहा मिळतो, विचारपूस मिळते आणि आपण भिक्षेकरी नसून दोन घरांमधला दुवा आहोत, याची आठवण राहते.

येत्या श्रावणात पावती पुस्तके बाहेर काढण्याआधी प्रत्येक संस्थेने गेल्या पाच वर्षांची वही उघडावी. ज्या नावांपुढे पाचही वर्षे रक्कम लिहिलेली आहे, त्या घरांची एक वेगळी यादी करावी. आणि यंदा त्या घरी पावती पुस्तक न नेता, हिशेबाचा एक कागद आणि मुलांच्या हातचे एक पत्र घेऊन जावे.